श्वसन : वीस

खाटेच्या पायाशी दोरीने बांधलेला एक पॅड होता आणि त्यावर टीपीआर चार्ट. तापमान, नाडी, श्वसन, आणि शेवटच्या रकान्यात ब्लडप्रेशर. बापूकाकांच्या खुब्याच्या हाडाचं ऑपरेशन होऊन तिसरा दिवस होता. रात्री झोप येईना म्हणून मी तो चार्ट कादंबरी वाचावी तसा वाचायला घेतला. ताप चढत-उतरत होता. नाडी ८८, ९२, ९८, १०४ अशी वर सरकत होती, ब्लडप्रेशर हळूहळू खाली येत होतं. श्वसनाच्या रकान्यात मात्र कमालीची शांतता होती : २०, २०, २०, २०. तीन दिवस, दिवसातून चार वेळा, तीन वेगवेगळ्या सिस्टरांच्या तीन वेगवेगळ्या अक्षरांत, वीस.

काका झोपले होते. निदान डोळे मिटलेले होते. मी मनगटावरचं घड्याळ काढून हातात घेतलं. एक डोळा सेकंदकाट्यावर, दुसरा काकांच्या बनियनवर, आणि मोजायला लागले. अठ्ठावीस. चुकलं असेल म्हणून पुन्हा मोजले. अठ्ठावीसच.

हॉस्पिटल आमच्या शनिवार पेठेतल्याच एका गल्लीतलं. नाव सांगत नाही, कारण पुण्याच्या कुठल्याही पेठेत असंच एक असतं : वीस खाटा, स्ट्रेचर तिरकं घालावं लागतं अशी लिफ्ट, खाली केमिस्ट, जिन्यात गणपतीचा फोटो. रात्री एक सिस्टर, एक मावशी, आणि वरच्या मजल्यावर आरएमओ, म्हणजे निवासी डॉक्टर. सिस्टरना जाऊन सांगितलं. त्या काऊंटरवर सहा जणांची इंजेक्शनं एकाच ट्रेमध्ये भरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ताई, मॉनिटरवर ऑक्सिजन चौऱ्याण्णव आहे ना? पल्स जरा फास्ट आहे, ती दुखण्यामुळे असते." त्यांच्या स्वरात बेपर्वाई नव्हती. अठरा पेशंटांमागे एकटी असलेली बाई ज्या स्वरात बोलेल, तोच तो स्वर होता.

काकांच्या डोक्याशी मॉनिटर होता. हिरवी रेघ, तिच्यावर ठराविक अंतराने उठणारे डोंगर, आकडा ११२. त्याच्या खाली निळ्या रंगात ९४. सगळ्यात खाली एक तिसरी, पिवळट रेघ होती, तिच्यापुढचा आकडा कधी १४, कधी ४०, कधी नुसत्या दोन आडव्या रेघा. ती श्वासाची. छातीला चिकटवलेल्या ईसीजीच्या चकत्यांमधूनच यंत्र ती काढतं. छाती फुगली की विजेला होणारा अडथळा बदलतो, त्यावरून श्वास मोजायचा. युक्ती छान आहे, पण पेशंट कुशीवर वळला, खोकला, चकती सुटली की आकडा वाटेल तसा नाचतो. म्हणून त्याच्याकडे कोणी बघत नाही. तर परिस्थिती अशी होती : यंत्राचा आकडा खोटा म्हणून कोणी बघत नव्हतं, आणि माणसाने लिहिलेला आकडा बघावा तर तोही खोटा.

*

हार्ट अटॅक आणि कार्डिॲक अरेस्ट या दोन गोष्टींची आपण सर्रास सरमिसळ करतो, म्हणून एवढं सांगून पुढे जाते. अटॅकमध्ये हृदयाला रक्त पुरवणारी वाहिनी तुंबते. माणूस घामाघूम होतो, पण बोलतो, चालतो, रिक्षाने दवाखान्यात जाऊ शकतो. अरेस्ट म्हणजे हृदयाचं रक्त ढकलणंच थांबतं. तिथे मिनिटांचा हिशोब असतो.

सिनेमाने आपल्याला शिकवलंय की अरेस्ट अचानक येतो. मॉनिटरवरची रेघ आडवी होते, डॉक्टर धावतात, छातीवर शॉकच्या पट्ट्या ठेवतात. रस्त्यात, खेळाच्या मैदानावर, घरी जेवताना असं होतंही. पण हॉस्पिटलच्या वॉर्डात, दुसऱ्याच कशासाठी तरी भरती झालेल्या माणसाचं हृदय थांबतं तेव्हा बहुतेक वेळा ते शेवटी थांबलेलं असतं. आधी बाकीचं सगळं बिघडत गेलेलं असतं. १९९० साली मायामीच्या डॉक्टरांनी आपल्या हॉस्पिटलातल्या अशा ६४ अरेस्टचे कागद उलट्या क्रमाने वाचले. त्यांतल्या ८४ टक्के रोग्यांच्या कागदांवर अरेस्टच्या आधीच्या आठ तासांत तब्येत खालावल्याची नोंद किंवा नवी तक्रार होती. कोणीतरी लिहून ठेवली होती. आठ तास म्हणजे सिस्टरची एक अख्खी पाळी.

खालावण्याचा क्रमही बहुधा ठरलेला असतो. जंतुसंसर्ग झाला, रक्तस्राव झाला, फुप्फुसात पाणी साठलं की शरीराला प्राणवायू कमी पडतो, रक्तात आम्ल वाढतं, आणि ते आम्ल बाहेर टाकायला मेंदू पहिला हुकूम सोडतो तो श्वासाला. म्हणून श्वास आधी वाढतो. मग नाडी. ब्लडप्रेशर बराच वेळ शरीर सांभाळून धरतं आणि मग एकदम सोडतं. ऑक्सिजनचा आकडाही पुष्कळदा उशिरा पडतो, कारण तो टिकवण्यासाठीच तर माणूस धापा टाकत असतो. सिस्टरबाई ज्या ९४ वर विसंबल्या होत्या, तो काकांच्या अठ्ठावीस श्वासांनी विकत घेतलेला होता.

आणि हृदयाची हिरवी रेघ? ती या सगळ्यात जवळजवळ शेवटपर्यंत व्यवस्थित दिसते. किंबहुना वॉर्डातल्या अरेस्टचा एक मोठा गट असा आहे, की मनगटाला नाडी लागत नाही, माणूस निपचित पडलेला, आणि पडद्यावर डोंगर उठताहेत. वीज चालू, पंप बंद. हॉस्पिटलांतल्या अरेस्टपैकी साधारण ८० टक्क्यांमध्ये पहिली लय अशी असते, की शॉकचा काही उपयोग नाही.

*

फुटण्याआधी बराच वेळ खचणं चालू असतं, ही गोष्ट आमच्या पेठेतल्या जुन्या माणसांना वेगळ्या भाषेत ठाऊक आहे. १२ जुलै १९६१. पानशेत धरण सकाळी फुटलं, पण ते आदल्या दिवसापासून खचत होतं. जवान रात्रभर वाळूची पोती रचत होते, आणि धरणाच्या खाली पेठांतले लोक उद्याच्या डब्याचा विचार करत झोपले होते. ओंकारेश्वरापाशी नदी पेठेत शिरली. आमच्या वाड्याच्या जिन्यात सासरे आम्हाला पायरी दाखवायचे, पाणी इथवर होतं म्हणून. ते पाण्याला कधी दोष देत नसत. म्हणायचे, "धरणावर माहीत होतं. इथं माहीत नव्हतं."

योगायोग असा, की त्याच १९६१ साली हृदयावर पाळत ठेवण्याच्या शास्त्राने मोठी उडी मारली. अमेरिकेत माँटाना राज्यातल्या नॉर्मन होल्टरने चालत्या-फिरत्या माणसाचा ईसीजी नोंदवणाऱ्या यंत्रावरचा लेख त्या वर्षी छापला. त्याचा पहिला अवतार पाठीवर घ्यायचा होता आणि वजन होतं ३८ किलोच्या आसपास. आज 'होल्टर लावून या' म्हणून डॉक्टर चिठ्ठी देतात ती त्याच्याच नावाची. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये डेस्मंड ज्युलियन या तरुण डॉक्टरने 'लॅन्सेट'मध्ये सुचवलं, की अटॅक आलेल्या रोग्यांना वॉर्डभर विखरून ठेवू नका, एका खोलीत आणा, प्रत्येकाला मॉनिटर लावा, आणि लय बिघडताच शॉक देता येईल अशी माणसं तिथे चोवीस तास ठेवा. शॉकचं यंत्र आणि छाती दाबायची पद्धत नुकतीच हाताशी आली होती. कोरोनरी केअर युनिट म्हणतात ते हेच. १९६८ च्या सुमारास मुंबईत असे कक्ष सुरू झाले. पुढे १९९३ साली अतिदक्षता वैद्यकाची अखिल भारतीय संघटना उभी राहिली, आणि २००२ मध्ये पुण्याच्या डॉ. शिरीष प्रयाग यांनी 'क्रिटिकल केअर' या नियतकालिकात भारतातल्या अतिदक्षतेचा आढावा लिहिला.

ज्युलियनच्या कल्पनेतली मेख लोक विसरतात. त्याची खोली चालली ती मॉनिटरमुळे आणि माणसांमुळे, दोन्हींमुळे. नंतर यंत्रं स्वस्त झाली आणि खोलीबाहेर पडून सगळ्या वॉर्डांत गेली. माणसं काही तेवढी स्वस्त झाली नाहीत.

*

हृदय बघून भविष्य सांगायच्या धंद्यात एक मोठा अपघात झालेला आहे. तो मला या सगळ्या प्रकरणातला सर्वांत शिकण्यासारखा भाग वाटतो, म्हणून जरा थांबून सांगते.

मॉनिटर लावल्यावर डॉक्टरांना दिसलं, की अटॅकनंतर काहींच्या हृदयात मध्येच एखादा आगंतुक ठोका पडतो. आपण त्याला 'ठोका चुकला' म्हणतो. खरं तर तो आधीच पडलेला जास्तीचा ठोका असतो. ज्यांच्यात असे ठोके फार, त्यांच्यात पुढे अचानक मृत्यूही जास्त. भाकीत पक्कं होतं, आकड्यांनी सिद्ध झालेलं. मग पुढचं पाऊल सरळच वाटलं : गोळी देऊन ते ठोके बंद करायचे. गोळ्या होत्या, त्या ठोके बंद करतही होत्या. कार्डिओग्राम सुरेख दिसू लागले. १९८० च्या दशकात अमेरिकेत अशा गोळ्या मोठ्या प्रमाणावर लिहिल्या जात होत्या. शेवटी कोणीतरी रीतसर चाचणी घ्यायची ठरवलं. अर्ध्या लोकांना गोळी, अर्ध्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची. १९८९ मध्ये ती चाचणी अर्धवट थांबवावी लागली. १९९१ च्या अहवालात १,४९८ रोग्यांचा हिशोब आला : खऱ्या गोळीच्या गटात ६३ मृत्यू, खोट्या गोळीच्या गटात २६. रेघ सुधारली होती, माणसं मरत होती.

धोका कुणाला आहे हे बरोबर ओळखणं आणि तो टाळणं या दोन वेगळ्या विद्या आहेत. कृत्रिम बुद्धिमत्तेने चोवीस तास आधी अरेस्ट ओळखला, अशी बातमी वाचली की मला ते ६३ आणि २६ आठवतात. ओळखला, छान. मग पुढे काय केलं?

*

त्या रात्री मी वर जाऊन आरएमओंना उठवलं. तिशीचे असतील. डोळे चोळत, चपला शोधत खाली आले. बीएएमएस होते. महाराष्ट्रातल्या छोट्या हॉस्पिटलांची रात्र बीएएमएस-बीएचएमएस झालेली मुलंच जागवतात. त्यावर चर्चा पुष्कळ होते, पाळ्या काही बदलत नाहीत. त्यांनी मॉनिटरकडे फारसं पाहिलं नाही. खाटेवर बसले, काकांचं मनगट हातात घेतलं आणि गप्प राहिले. पूर्ण एक मिनिट. मला वाटलं, नाडी बघताहेत. मग उठून बाहेर आले आणि म्हणाले, "तीस आहे. श्वास मोजतोय असं पेशंटला कळू द्यायचं नाही, कळलं की श्वास बदलतो. हात धरून बसायचं, नाडी बघतोय असं दाखवायचं, आणि पोटाकडे बघायचं."

ही युक्ती ॲलोपॅथीच्या नर्सिंगच्या पुस्तकांतही असते. पण ती आयुर्वेदाच्या पदवीधराच्या हातून, नाडीपरीक्षेच्या पवित्र्यात बघताना मला गंमत वाटली. कारण मरण आधी ओळखायचा एक फार जुना अभ्यासक्रम या मुलांनी घोकलेला असतो. चरकसंहितेत इंद्रियस्थान नावाचं अख्खं स्थान आहे, बारा अध्यायांचं, आणि विषय एकच : अरिष्टलक्षणं, म्हणजे रोगी आता फार काळ नाही हे सांगणाऱ्या खुणा. रंग, आवाज, स्पर्श, स्वप्नं, सावली. मनगटाची नाडीपरीक्षा त्यात नाही. नाडी पुढे शार्ङ्गधराच्या ग्रंथात आली, सापाची चाल, बेडकाची उडी, हंसाचं डुलणं अशा उपमा घेऊन. आणि तिथे थांबून थांबून चालणारी नाडी प्राण घेणारी म्हणून सांगितली आहे. ठोके चुकणं आणि मृत्यू यांचं नातं कुणाला तरी बोटांनी कळलं होतं, ईसीजीचं यंत्र नसताना.

पुण्यातच या बोटांचं यंत्र करायचा एक प्रयत्न झाला. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या संशोधकांच्या मदतीने अनिरुद्ध जोशी यांनी 'नाडी तरंगिणी' उभी केली. मनगटावर तीन जागी तीन दाबसंवेदक, आणि त्यांतून येणाऱ्या लाटांचा संगणकावर अभ्यास. २००७ मध्ये त्यावरचा शोधनिबंध आला. अरेस्टचं भाकीत करायला ती केलेली नाही, कुणी तसा समज करून घेऊ नये. पण तिच्या मुळाशी असलेला प्रश्न आधुनिक हृदयविज्ञानाचाही आहे : दोन ठोक्यांमधल्या अंतराच्या बारीक चढउतारात काय दडलंय?

त्याचं उत्तर ऐकायला गणपतीच्या आधी महिनाभर नदीपात्रात जावं. संध्याकाळी ढोलपथकांचा सराव चालू असतो. नवा ताशेवाला घड्याळासारखा वाजवतो, टक टक टक टक, एकही काडी इकडची तिकडे नाही. मुरलेला ताशेवाला ताल सोडत नाही, पण प्रत्येक काडी केसभर पुढेमागे पडते, ढोल ऐकून, शेजारच्याकडे बघून. निरोगी हृदय त्या मुरलेल्या ताशेवाल्यासारखं असतं. श्वास आत घेताना जरा भरभर, सोडताना जरा सावकाश, उठलं की वेगळं, दचकलं की वेगळं. ठोके जेव्हा घड्याळासारखे समसमान पडायला लागतात तेव्हा घाबरायचं. १९८७ साली ८०८ हृदयरोग्यांच्या चोवीस तासांच्या नोंदी तपासल्यावर दिसलं, की ज्यांच्या ठोक्यांतला चढउतार फार कमी झाला होता त्यांच्यात पुढच्या मृत्यूचा धोका भरपूर चढउतार असणाऱ्यांच्या पाचपट होता.

याचा सर्वांत सुंदर उपयोग झाला तान्ह्या बाळांसाठी. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठाच्या लोकांच्या ध्यानात आलं, की दिवस भरायच्या फार आधी जन्मलेल्या बाळांना जंतुसंसर्ग होण्याआधी काही तास त्यांचे ठोके सपाट होतात आणि मध्येच गचके खातात. त्यांनी एक आकडा तयार केला आणि तो मॉनिटरवर नुसता दाखवला. काय करा, हे यंत्र सांगत नव्हतं. २०११ मध्ये ३,००३ बाळांवरच्या चाचणीचा निकाल आला : आकडा दिसत होता तिथे मृत्यूचं प्रमाण १०.२ वरून ८.१ टक्क्यांवर आलं. माझा कयास असा, की आकडा वाढला की सिस्टर उठून पाळण्यापाशी जात होती आणि बाळाकडे बघत होती.

*

हे सगळं एवढं छान आहे तर अडतं कुठे? अडतं आवाजापाशी.

काकांचा मॉनिटर दर चार-पाच मिनिटांनी किंचाळायचा. बोटाची क्लिप निसटली, किंचाळला. काका कुशीवर वळले, किंचाळला. पहिल्या रात्री मी प्रत्येक वेळी धावत काऊंटरवर गेले. दुसऱ्या रात्री मावशींनी मला कोणतं बटण दाबलं की तो गप्प बसतो ते शिकवलं. तिसऱ्या रात्री ते मी झोपेत दाबत होते. लांडगा आला रे आला, ही गोष्ट आपण पोराच्या बाजूने ऐकतो. गावकऱ्यांच्या बाजूने कधी ऐकली नव्हती, ती मला तिथे कळली.

सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठ रुग्णालयात संशोधकांनी ७७ अतिदक्षता खाटांवरचे सगळे इशारे महिनाभर साठवले. २०१४ मध्ये त्यांनी आकडा छापला : ३१ दिवसांत २५ लाख ५८ हजार ७६०. त्यांतले ऐकू येणारे तेवढेच धरले तरी एका खाटेमागे दिवसाला १८७. लय बिघडल्याचे बारा हजारांहून जास्त इशारे माणसांनी बसून तपासले, तर ८८.८ टक्के खोटे. ही जगातल्या श्रीमंत हॉस्पिटलाची गोष्ट.

ब्रिटनमध्ये लोक वेगळ्या वाटेने गेले. त्यांनी एक कागदी गुणपत्रिका केली. २०१२ मध्ये ती देशभर आली, २०१७ मध्ये सुधारली. श्वास, ऑक्सिजन, ऑक्सिजन बाहेरून लावलाय का, ब्लडप्रेशर, नाडी, शुद्ध, ताप. जितकं जास्त बिघडलेलं तितके जास्त गुण. बेरीज पाच झाली की डॉक्टरला ताबडतोब बोलवायचं, सात झाली की अतिदक्षतेच्या माणसांनी धावायचं.

घरी आल्यावर मी काकांची त्या रात्रीची बेरीज केली. नाडी ११२ : दोन. ऑक्सिजन ९४ : एक. वरचं ब्लडप्रेशर १०८ : एक. ताप १००.२ : शून्य. शुद्धीवर होते : शून्य. श्वास अठ्ठावीस : तीन. एकूण सात. आता त्यात चार्टवरचा श्वास घालून बघा. वीसला शून्य गुण. बेरीज चार, म्हणजे सिस्टरने लक्ष ठेवावं, बाकी घाई नाही. सात आणि चार यांच्यामध्ये फक्त तो सवयीने लिहिलेला वीस होता.

श्वास मोजायला पूर्ण मिनिट लागतं आणि पूर्ण मिनिट कुणाकडे नसतं. म्हणून जगभरच्या चार्टांवर सोळा, अठरा, वीस यांचं पीक येतं. दक्षिण कोरियात २०१८ साली ब्लडप्रेशर, नाडी, श्वास आणि ताप या चारच नोंदींवर शिकवलेली संगणकप्रणाली आली. बावन्न हजारांवर रोग्यांच्या नोंदी वापरून तिने वॉर्डातला अरेस्ट अशाच एका कागदी गुणपत्रिकेपेक्षा चांगला ओळखला. आपल्याकडे आयआयटी मुंबईतून शिकलेले मुदित दंडवते आणि आयआयटी इंदूरमधून शिकलेले गौरव परचानी यांनी २०१५ मध्ये बंगळुरात 'डोझी' सुरू केली : गादीखाली घालायची एक चादर. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला अंग सूक्ष्म हादरतं, श्वासाने आणखी हादरतं. ती थरथर पकडून चादर नाडी आणि श्वास दोन्ही मोजते. चकत्या नाहीत, वायरी नाहीत. तत्त्व जुनं आहे. फिलाडेल्फियात आयझॅक स्टार यांनी १९३९ मध्ये माणसाला हलत्या टेबलावर झोपवून हेच मोजलं होतं. अशा चादरीचं मला खरं कौतुक वाटतं ते भाकितासाठी नाही. तिला कंटाळा येत नाही आणि ती वीस लिहीत नाही, यासाठी.

पण इशारा दिल्यावर? ऑस्ट्रेलियात २३ हॉस्पिटलांमध्ये, धोक्याची खूण दिसताच हाक मारायची आणि अतिदक्षतेच्या चमूने वॉर्डात धावायचं, अशी पद्धत बसवून तिची चाचणी घेतली. २००५ च्या निकालात ठळक फरक दिसला नाही. का, हे बघताना एक कारण समोर आलं : खूण दिसली होती, लिहिली होती, आणि पुष्कळदा हाक मारलीच नव्हती. मध्यरात्री मोठ्या डॉक्टरला उगाच उठवलं तर काय म्हणतील, हा प्रश्न सिडनीच्या नर्सलाही पडतो हे वाचून मला आमच्या सिस्टरबाईंबद्दल जरा जास्तच माया वाटली.

*

आपण एकदा हे सगळं घराघरांत केलं होतं, विसरलो. ९ मार्च २०२० ला महाराष्ट्रातले पहिले कोविड रुग्ण पुण्यात सापडले आणि काही महिन्यांत पेठेतल्या प्रत्येक घरात देवघराशेजारी ऑक्सिमीटर आला. हे यंत्र ज्याच्या डोक्यातून निघालं ते जपानचे ताकुओ आओयागी त्याच एप्रिलमध्ये वारले. सहा मिनिटं चालायचं आणि आकडा बघायचा. वाड्याच्या अंगणात नऊवारीतल्या आज्या बोटाला क्लिप लावून फेऱ्या मारताना मी पाहिल्यात. मोजलेलं वहीत लिहायचं, तारीख-वेळ घालून. तो चार्ट कुणी खोटा भरला नाही, कारण भरणारा स्वतःच्या माणसाचा भरत होता.

आकडा पडल्यावर पुढे जे व्हायचं ते मात्र आपल्या हातात नव्हतं. नदीपलीकडे सीओईपीच्या मैदानावर जम्बो रुग्णालय उभं राहिलं आणि सप्टेंबरच्या सुरुवातीलाच तिथे दूरचित्रवाणीच्या एका तरुण पत्रकाराचा मृत्यू झाला. दुसरीकडे हलवायला सुसज्ज रुग्णवाहिका वेळेत मिळाली नाही असा आरोप झाला, चौकशीचे आदेश निघाले. २०१४ मध्ये राज्यात १०८ ची सेवा सुरू झाली तेव्हा ९३७ गाड्या होत्या, त्यांतल्या २३३ प्रगत जीवरक्षक. महाराष्ट्र एवढा आणि गाड्या एवढ्या.

त्या रात्री बापूकाकांना मोठ्या हॉस्पिटलात हलवायला गाडी आली, पण गल्लीच्या तोंडाशी थांबली. मांडवाचे वासे पडले होते आणि दोन्ही बाजूंना दुचाक्या. आरएमओ, मावशी, मांडवाचा एक मुलगा आणि मी, असं स्ट्रेचर उचलून चौकापर्यंत नेलं. तिथल्या अतिदक्षता विभागात पोचल्यावर पाऊण तासात काकांचं हृदय थांबलं. तिथे खाटेशी दोघं उभेच होते. चार मिनिटांत परत आलं. अकरा दिवसांनी काका घरी आले. पुढे दीड वर्ष जगले, आणि गेले ते घरी, दुपारच्या झोपेत, कुठल्याही मॉनिटरविना. दहाव्याला ओंकारेश्वराच्या घाटावर कावळा लगेच शिवला, याचं काकूंना फार समाधान.

आता आमच्या वाड्याच्या जागी पाच मजली इमारत आहे आणि तिच्यात सात घरांत सत्तरीच्या वरची माणसं एकटी किंवा जोडीने राहतात. पोरं बाहेर. दुसऱ्या मजल्यावरच्या कुसुमआजींना मुलाने न्यू जर्सीहून मनगटी घड्याळ पाठवलंय. ते नाडी मोजतं, झोप मोजतं, पडलं-झडलं तर कळवतं. कळवतं ते त्याला. आमच्या दाराच्या आत, खुंटीवर, तीन घरांच्या किल्ल्या आहेत.

परवा रात्री सव्वादोनला फोन वाजला. तिकडे दुपार कलत होती. "काकू, आईचा हार्ट रेट चाळीसच्या खाली दाखवतंय. ती फोन उचलत नाहीये." मी किल्ली घेतली आणि वर गेले. दार उघडलं तर आजी स्वयंपाकघरात दिवा लावून बसलेल्या, समोर अर्धा कप दूध. फोन हॉलमध्ये चार्जिंगला. घड्याळ मनगटावर सैल, पार कोपराकडे सरकलेलं.

"त्याने उठवलं का तुला?" आजी म्हणाल्या. "मला म्हटलं झोप येत नाहीये, जरा दूध घ्यावं."

मी त्यांच्या मुलाला फोन लावून दिला. त्यांचं बोलणं होईपर्यंत शेजारी बसले आणि फोन ठेवल्यावर त्यांचा हात हातात घेतला. भिंतीवर सेकंदकाट्याचं घड्याळ होतं.

"नाडी बघतेस?"

"हो," मी म्हटलं, आणि त्यांच्या पदराकडे बघत मोजायला लागले.